दोन साहित्यप्रकारांत एमएफए: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत सर्जनशील लेखनाचं एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स ही पदव्युत्तर पदवी) करताना मी कथा आणि कविता असे दोन प्रकार घेतले होते. अर्जांचे दिवस जवळ आले की ओळखीपाळखीतून फोन येतात आणि बहुतेकांच्या शंका सारख्याच असतात. त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचावं.

‘दोन प्रकारांत’ म्हणजे नेमकं काय? सगळीकडे एकच अर्थ असतो का?

नाही, आणि पहिला घोळ इथेच होतो. एकाच नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी चालतात.

पहिली म्हणजे खरोखरचं दुहेरी शिक्षण. दोन्ही प्रकारांत प्रवेशासाठी नमुना द्यायचा, दोन्हींत वर्कशॉप (एकमेकांच्या लेखनावर चर्चा करण्याचे वर्ग) करायचे आणि शेवटी दोन्हींतलं लेखन थिसिसमध्ये, म्हणजे पदवीसाठीच्या हस्तलिखितात, द्यायचं. दुसरी म्हणजे मुख्य आणि दुय्यम प्रकार. पदवी मुख्य प्रकारावर उभी असते, पण दुसऱ्या प्रकारातले ठरावीक वर्कशॉप सक्तीचे असतात. तिसरी सगळ्यांत सैल: प्रवेश एकाच प्रकारात आणि दुसऱ्या प्रकारातला एखादा वर्ग ऐच्छिक म्हणून. माहितीपत्रकात तिन्हींचं वर्णन साधारण सारख्याच शब्दांत केलेलं असतं. म्हणून विभागाला थेट विचारावं, ‘माझ्या थिसिसमध्ये दुसऱ्या प्रकारातलं लेखन असेल का, आणि ते कोण तपासेल?’ या एका प्रश्नाच्या उत्तरावरून सगळं कळतं.

अशी सोय कुठे आहे?

सगळ्यांत जुनं आणि मानाचं ठिकाण म्हणजे आयोवा. तिथल्या विद्यापीठाने १९२२ मध्ये कथा-कवितेला प्रबंध म्हणून मान्यता द्यायचं ठरवलं आणि १९३६ मध्ये रायटर्स वर्कशॉप सुरू झालं. पण तिथे कथा आणि कविता या दोन वेगळ्या वाटा आहेत. ललित गद्याचा कार्यक्रम तर इंग्रजी विभागात, स्वतंत्र. नावाच्या वलयामुळे पुष्कळ जण आयोवापासूनच यादी सुरू करतात. ज्याला दोन प्रकार हवेत त्याने आधी ही रचना समजून घ्यावी.

याच्या उलट टोकाला ऑस्टिनमधलं टेक्सास विद्यापीठाचं मिचनर सेंटर. कथा, कविता, नाटक आणि पटकथा यांतून एक मुख्य आणि एक दुय्यम प्रकार घ्यावाच लागतो. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्ण आर्थिक मदतीसह, आणि त्या बदल्यात शिकवायची अट नाही. जागा मोजक्या असल्यामुळे चुरस प्रचंड. कॅनडात व्हँकुव्हरचं ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ आणखी पुढे जातं. तिथे किमान तीन प्रकारांत काम करावं लागतं, आणि निवडीत बालसाहित्य, चित्रकथा, अनुवाद यांचाही समावेश आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आपल्या प्रकाराला साहित्यिक अनुवादाची जोड देता येते.

याशिवाय लो-रेसिडेन्सी, म्हणजे थोडे दिवस कॅम्पसवर आणि बाकी घरून करायचे, अभ्यासक्रम आहेत. दोन प्रकार घेण्याची मुभा त्यांत जास्त ठिकाणी मिळते. त्यांच्याबद्दल पुढे.

मला कथा आणि कविता दोन्ही आवडतात. दोन्ही घ्यावं का?

आवडतं एवढंच कारण असेल तर थांबा. एक प्रकार घ्या, दुसऱ्यातलं वाचन चालू ठेवा.

मला फोन करणाऱ्यांपैकी निम्म्यांचं खरं कारण वेगळंच असतं: एकात जमलं नाही तर दुसऱ्यात जमेल. ही भीती मी समजू शकते, पण अभ्यासक्रम तिच्यावर औषध नाही. दोन प्रकारांत शिकताना दुप्पट टीका ऐकावी लागते आणि दोन्हीकडच्या वर्गात तुम्ही ‘अर्धे’ असता. कवींच्या वर्गात कथाकार, कथाकारांच्या वर्गात कवी. पाय रोवायला एक तरी जमीन आधीपासून आपली हवी.

मग कोणी घ्यावं? ज्याचं लेखन आधीच कुंपण ओलांडतंय त्याने. कथा लिहिता लिहिता मधेच ओळी तुटायला लागतात, कवितेत पात्रं शिरून बोलू लागतात, एकच आठवण तीनदा लिहून झाली आणि प्रत्येक वेळी साचा अपुरा पडला, असं होत असेल तर दुसऱ्या प्रकाराची गरज लेखनातूनच आलेली असते. ती गरज खरी.

दुसऱ्या प्रकारामुळे पहिल्याचं नुकसान होत नाही का?

सुरुवातीला होतं. माझं झालं. पहिल्या सत्रात मी हट्टाने दोन्ही वर्कशॉप एकदम घेतले. सकाळी कथा, रात्री कविता. दोन महिन्यांत कविता सपाट झाल्या, कारण दिवसभर ‘आणि मग काय झालं’ हेच डोक्यात. आणि कथांमधली माणसं एकदम सुभाषितं बोलायला लागली. कथेच्या शिक्षिकेने समासात लिहिलं होतं, ‘हे वाक्य सुंदर आहे, पण ही बाई असं बोलणार नाही.’ बरोबर होतं.

पुढच्या सत्रात एकच प्रकार घेतला, फक्त कविता, आणि तेव्हा काहीतरी उलगडलं. माझी एक कथा दीड वर्ष अडकून पडली होती. बाप घर सोडून जातो, मुलगी जागी असते. तो का जातो याची चार पानं मी लिहिली होती, आणि प्रत्येक वाचक म्हणायचा, इथे कंटाळा येतो. तोच प्रसंग कवितेत लिहायला घेतला. चौदा ओळींत ‘का’ला जागाच नव्हती. उरलं ते अंगणातल्या पंपाचं रात्रभर चालू राहणं, कारण तो बंद करणारा माणूस निघून गेला होता. कविता म्हणून ते फार चांगलं नव्हतं. पण कथेकडे परतल्यावर मी ती चार पानं काढली आणि पंप चालू ठेवला. कथा पूर्ण झाली.

उलट दिशेनेही तेवढंच मिळालं. माझ्या कवितांमध्ये सगळं ‘कुणीतरी’, ‘कुठेतरी’, ‘कधीतरी’ असायचं आणि मला ते गूढ वाटायचं. कथेच्या वर्गात एक साधा प्रश्न सतत विचारला जातो: खोलीत कोण आहे? कोण उभं, कोण बसलेलं, दिवा लागलाय का? तो प्रश्न मी कवितांना विचारायला लागले, तेव्हा लक्षात आलं की माझं निम्मं गूढ म्हणजे नुसता आळस होता.

म्हणून मला असं वाटतं की दुसरा प्रकार ही पहिल्यावरची भर नसते. पहिल्या प्रकारात ज्या सवयींच्या जोरावर आपण निभावून नेतो, त्या दुसरीकडे चालत नाहीत आणि म्हणूनच दिसतात. कवितेत स्पष्टीकरण चालत नाही. नाटकात मनातलं सांगता येत नाही, जे आहे ते कृतीत आणि बोलण्यात आणावं लागतं. ललित गद्यात घडलेलं बदलता येत नाही, फक्त त्याच्याकडे कुठून पाहायचं ते ठरवता येतं. ज्या प्रकारात तुमची हक्काची सवय चालत नाही तो दुसरा प्रकार म्हणून घ्यावा, असा माझा सल्ला असतो. संवाद हाच ज्याचा आधार आहे त्याने पटकथेकडे जाण्यापेक्षा कवितेकडे जाऊन बघावं.

दोन्ही प्रकारांचे वर्कशॉप सारखेच असतात का?

साचा सारखा, श्वास वेगळा. दहा-बाराजण, एक शिक्षक, आधी वाटलेलं लेखन, आणि त्यावर चर्चा. जुन्या पद्धतीत चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसायचं असतं. यावर गेल्या काही वर्षांत बरीच टीका झाली, विशेषतः ज्यांच्या लेखनातली भाषा किंवा जग बाकी वर्गाला अनोळखी असतं त्यांच्याकडून. आता अनेक शिक्षक लेखकाला आधी प्रश्न मांडू देतात किंवा मधे बोलू देतात. मला नवी पद्धत बरी वाटते. नात्यांची नावं किंवा देवघरातली एखादी कृती वर्गाला कळली नाही म्हणून वीस मिनिटं तर्क चालतात आणि आपण तोंड मिटून बसतो, यातून लेखनाचं काही भलं होत नाही.

कथेच्या वर्गात वीस-पंचवीस पानं घरी वाचून, पत्र लिहून यायचं असतं. चर्चा दृष्टिकोन, वेळेचा क्रम, एखाद्या पात्राची गरज अशा मोठ्या सांध्यांवर होते. कवितेच्या वर्गात कविता मोठ्याने वाचली जाते आणि एका क्रियापदावर दहा मिनिटं जाऊ शकतात. एका तासिकेत चार-पाच कविता होतात. कथाकाराला ही गती सुरुवातीला गुदमरवते. महिनाभराने तो स्वतःची कथाही मोठ्याने वाचू लागतो.

किती वर्षं लागतात?

पूर्णवेळ निवासी एमएफए दोन किंवा तीन वर्षांचं असतं, आणि क्रेडिट साधारण ३६ ते ६० यांच्या दरम्यान. दोन प्रकार घ्यायचे असतील तर तीन वर्षांचा अभ्यासक्रम शोधा. दोन वर्षांत दोन प्रकार म्हणजे प्रत्येकाला एक वर्ष, आणि त्यातले शेवटचे महिने थिसिस खातो. लो-रेसिडेन्सीत दोन प्रकारांसाठी बहुधा एक जास्तीचं सत्र घ्यावं लागतं, म्हणजे त्या सत्राची फीही.

थिसिस एक की दोन?

जिथे तिथे नियम वेगळा. कुठे दोन स्वतंत्र हस्तलिखितं मागतात, कुठे मुख्य प्रकारात पूर्ण आणि दुसऱ्यात लहान, कुठे दोन्ही एकत्र बांधलेलं एकच. कथेचा थिसिस बहुधा शंभर पानांच्या पुढे जातो, कवितांचा पन्नासच्या आसपास असतो. कवितांची पानं कमी म्हणून काम कमी असं अजिबात नाही. पन्नास कवितांचा क्रम लावण्यात माझे सहा आठवडे गेले. जमिनीवर पसरून, रोज उचलून.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवा: दोन्हींचा विषय एक असणार की वेगळा? मी एकच ठेवला. एकाच घराबद्दलच्या कथा आणि कविता. फायदा असा की एका हस्तलिखिताने दुसऱ्याला सामग्री पुरवली. तोटा असा की तेच घर मला पुढे दोन वर्षं सोडेना.

अर्जात दोन्ही प्रकारांचे नमुने द्यायचे का?

मागितले असतील तरच. गद्याला साधारण वीस ते तीस पानं आणि कवितेला दहाच्या आसपास पानं मागतात. नेमका आकडा त्या त्या ठिकाणचा पाहा आणि तो ओलांडू नका. निवड जवळजवळ पूर्णपणे नमुन्यावर होते. जीआरई ही प्रवेशपरीक्षा आता बहुतेक ठिकाणी लागत नाही, गुणपत्रिकेला दुय्यम महत्त्व असतं.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे दोन्ही नमुने ‘ठीक’ असणं. समिती वेगवेगळी असू शकते. कवी तुमच्या कविता वाचणार, कथाकार कथा. त्यांच्यापैकी एकानेही हात वर केला नाही तर प्रकरण संपलं. एक नमुना तरी असा हवा की वाचणारा जागेवर सरसावून बसेल. दुसरा कच्चा असला तरी चालतो, जर त्यात काही शोधल्याची धडपड दिसत असेल.

एसओपीत (अर्जासोबतच्या उद्देशपत्रात) ‘मला लहानपणापासून लेखनाची आवड आहे’ हे नको. दोन प्रकार का, हे एका उदाहरणाने सांगा: अमुक लेखन या साच्यात अडलं, म्हणून तो साचा शिकायचाय. दीड पानात.

भारतातली तीन वर्षांची बीए चालते का?

काही विद्यापीठं घेतात, काही चार वर्षांच्या पदवीइतकं शिक्षण मागतात. बीएनंतर एमए झालेलं असेल तर सहसा अडचण येत नाही. हा नियम लेखन विभागाचा नसून विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट स्कूलचा असतो, त्यामुळे ईमेल तिकडे करा. टोफेल किंवा आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षांमधून सूट मिळते का हेही त्यांनाच विचारा.

पैशांचं काय?

कर्ज काढून हे करू नका. मी हे सगळ्यांना सांगते, आणि काही जण दुखावतात. पण या पदवीनंतर कर्ज फेडता येईल अशी नोकरी लागेलच असं नसतं, आणि हप्त्यांच्या ओझ्याखाली पहिलं पुस्तक लिहिणं फार अवघड जातं.

पूर्ण फंडिंग म्हणजे विद्यापीठाची फी माफ आणि वर स्टायपेंड, म्हणजे खर्चासाठी ठरावीक रक्कम. बदल्यात बहुधा पदवीपूर्व विद्यार्थ्यांना निबंधलेखन किंवा प्राथमिक सर्जनशील लेखन शिकवावं लागतं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, त्यामुळे वर हॉटेलात काम करून भागवू हा हिशेब मांडू नका. दोन प्रकार शिकणाऱ्याने एक जास्तीचा प्रश्न विचारायचा: तिसऱ्या वर्षाचं किंवा जास्तीच्या सत्राचं फंडिंग नक्की आहे ना? ते लेखी घ्या.

बहुतेक मुदती डिसेंबर-जानेवारीत असतात. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी एक करार मान्य केलेला आहे, त्यानुसार फंडिंगसह आलेल्या प्रस्तावाला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायचं बंधन नसतं. कुणी घाई केली तर या तारखेची नम्रपणे आठवण करून द्या.

लो-रेसिडेन्सी म्हणजे काय, आणि ती आपल्याला चालेल का?

वर्षातून दोनदा साधारण दहा दिवस कॅम्पसवर, बाकीचा काळ घरून. दर तीन-चार आठवड्यांनी लेखनाचं ‘पॅकेट’ एका मार्गदर्शकाला पाठवायचं आणि त्याचं लांबलचक पत्र परत यायचं. १९७६ मध्ये व्हरमाँटमधल्या गॉडर्ड कॉलेजात लेखनाच्या एमएफएसाठी ही पद्धत सुरू झाली. ते कॉलेज २०२४ मध्ये बंद पडलं, पण तोवर पद्धत देशभर पसरली होती.

दोन प्रकारांसाठी ही रचना मला मनापासून आवडते, कारण बहुधा एका सत्रात एकच प्रकार आणि एकच मार्गदर्शक असतो. मन दोन ठिकाणी फाटत नाही. अडचण दोन ठिकाणी आहे. एक, इथे फंडिंग फार कमी. दोन, एफ-१ व्हिसासाठी पूर्णवेळ, प्रत्यक्ष वर्गातलं शिक्षण लागतं, आणि ऑनलाइनचा एका सत्रात एकच विषय किंवा तीन क्रेडिट मोजले जातात. म्हणजे लो-रेसिडेन्सीच्या आधारावर अमेरिकेत राहता येईल असं धरू नका. भारतात राहून करायचं असेल तर फक्त त्या दहा दिवसांसाठी कोणता व्हिसा लागतो ते कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून लेखी मागवा. तिकीट काढायच्या आधी.

मी मराठीत लिहिते. मग हे सगळं इंग्रजीतच का?

हा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा. नमुना इंग्रजीत द्यावा लागतो, वर्कशॉप इंग्रजीत होतो. काही मोजक्या ठिकाणी स्पॅनिशमधून किंवा दोन्ही भाषांतून एमएफए करता येतं. मराठीसाठी अशी सोय मला दिसलेली नाही.

पण एक दार आहे: अनुवाद हाच दुसरा प्रकार म्हणून घेणं. अनुवादाच्या वर्गात मराठी ही तुमची उणीव राहत नाही, तीच तुमची पुंजी होते. ‘अगं’ आणि ‘अहो’ यांतला फरक इंग्रजीत आणताना आपण पात्रांची अख्खी नाती तपासतो. ‘तो गेला’ यातलं जाणं कोणतं, दाराबाहेरचं की कायमचं, हे ठरवावं लागतं. स्वतःच्या कथेकडे असं कोण पाहतं? मी ऐच्छिक म्हणून अनुवादाचा एकच वर्ग घेतला, आणि आज वाटतं की तोच पूर्ण दुसरा प्रकार घ्यायला हवा होता. हयात किंवा हक्क शिल्लक असलेल्या लेखकाचं काही अनुवादित करणार असाल तर प्रकाशनाआधी परवानगी लागते, वर्गातल्या सरावाला नाही.

आणि मराठीत लिहिणं थांबवू नका. मी तीन वर्षं रोजनिशी मराठीत लिहिली. थिसिसमधल्या निम्म्या कवितांची पहिली ओळ तिथून आली.

आयोवाचा इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम म्हणजे हेच का?

नाही. तो १९६७ पासूनचा निवासी उपक्रम आहे. प्रकाशित लेखकांना काही आठवड्यांसाठी बोलावतात, पदवी मिळत नाही. आपली भाषा सोडायची गरजही तिथे पडत नाही.

पुढे नोकरी मिळते?

एमएफए ही या क्षेत्रातली अंतिम पदवी मानली जाते, म्हणजे तिच्या आधारावर महाविद्यालयात शिकवण्यासाठी अर्ज करता येतो. प्रत्यक्षात कायम जागेसाठी प्रकाशित पुस्तक लागतं. दोन प्रकारांचा इथे थोडा उपयोग होतो, कारण लहान कॉलेजांना कथा आणि कविता दोन्ही शिकवू शकणारा माणूस सोयीचा असतो. व्हिसाच्या बाबतीत, पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळणारी मुदतवाढ सर्जनशील लेखनाला मिळत नाही.

अर्ज करण्याआधी घरी काही करून बघता येईल?

हो. तुमचं अडलेलं एक लेखन घ्या, पूर्ण झालेलं नको. ते बाजूला ठेवून, न बघता, दुसऱ्या प्रकारात लिहा. कथा असेल तर वीस ओळींची कविता, कविता असेल तर एकाच खोलीत घडणारा, फक्त बोलण्यातून उलगडणारा प्रसंग. आठवडाभर हात लावू नका. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि जे दोन्हीकडे आलंय त्याखाली रेघ मारा, जे फक्त एकीकडे आहे त्याला गोल करा. गोल केलेल्यांपैकी एक तरी गोष्ट दुसऱ्या कागदावर न्यावीशी वाटली, तर तेवढं पुन्हा लिहून काढा. असं तीन वेगवेगळ्या लेखनांवर करा. तोवर अर्जाचा नमुनाही बऱ्यापैकी तयार झालेला असेल.